पाण्याची अफरातफर

मोटारीच्या इंजिनाभोवती फिरणारे पाणी दिवसेंदिवस कमी होत चालले आहे आणि गाडीखालच्या फरशीवर मात्र त्याचा थेंबही सापडत नाही, असे एकदा निदर्शनास आले म्हणजे सुशिक्षित व संसारी गृहस्थाच्या मुद्रेवर जी कळा उतरते, ती पेट्रोलचे दर वाढल्याने उतरत नाही, चौकात पोलिसाने अडवल्याने उतरत नाही, किंवा दारावर कोण्या कलाप्रेमी बालकाने खिळ्याने नदी काढून ठेवल्यानेही उतरत नाही. या इतर आपत्तींना निदान कर्ता असतो, आणि कर्ता असला म्हणजे शिव्याशाप कोठल्या पत्त्यावर पाठवावेत हे ठरवता येते. येथे पत्ताच नाही. माल गेला आहे हे नक्की. चोर नाही, घरफोडी नाही, ओल नाही, डाग नाही.

वास्तविक पाहता मोटारीच्या जमाखर्चात कुलंटच्या नावे खर्चाची बाबच नसते. पेट्रोल जळते, कारण ते जाळण्यासाठीच भरलेले असते. ऑइल थोडेफार जळते, आणि वयस्क इंजिनाने ते जरा अधिक प्राशन केले तरी शहाणा मालक त्याकडे काणाडोळा करतो. परंतु कुलंटने जळावयाचे नाही, झिजावयाचे नाही. त्याने केवळ फिरावयाचे. इंधनातून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर नळकांड्यातून वाऱ्यावर जाते, आणि उरलेली तृतीयांश या चार-पाच लिटर पाण्याच्या गळ्यात पडते. ती त्याने इंजिनाच्या पोटातून उचलून रेडिएटरच्या दारात आणून टाकावी आणि रिकाम्या हाताने पुन्हा आत जावे, असा त्याचा अहोरात्र शिरस्ता. बंद खोलीत ठेवलेली ही शिल्लक आज जेवढी, तेवढीच पुढल्या दिवाळीला असली पाहिजे. ती कमी भरली तर तिला तूट म्हणता येत नाही. सरकारी भाषेत तिला अफरातफरच म्हणावे लागते.

ही भाषा माझी नव्हे. ती आमच्या साताऱ्याच्या एका स्नेह्यांची, ज्यांनी आपली सगळी नोकरी ट्रेझरीत काढली, ज्यांच्या नजरेखालून गेलेल्या चलनांची चवड रचली तर अजिंक्यताऱ्याला जोड किल्ला उभा राहावा, आणि ज्यांना अवघे गाव अण्णा म्हणते. निवृत्तीनंतर अण्णांनी एक जुनी, परंतु नीट ठेवलेली गाडी घेतली आणि तिच्यासाठी लाल कापडी पाठीची एक नोंदवहीही घातली. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून ते कुलंटच्या पांढुरक्या बाटलीपुढे चष्मा सरसावून उभे राहत आणि वहीत लिहीत : ‘शिल्लक पूर्ण.’ खाली आद्याक्षरी सही. असे असूनही वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढताना उष्णतामापकाचा काटा अचानक अर्ध्यावरून निघाला आणि तांबड्या रेघेच्या रोखाने जाऊ लागला. घाटातल्या एका वळणावर गाडी उभी राहिली. अण्णांनी उतरून बाटली पाहिली. बाटली भरलेली होती.

येथे किंचित विषयांतर करून पूर्वीच्या मोटारवाल्यांची आठवण काढली पाहिजे, कारण ही चिंता त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट घेऊन जे लोक उन्हाळ्यात घाट चढत, त्यांच्या डिकीत पाण्याचा एक डबा असे, आणि रेडिएटर उकळणे हा प्रवासातील नियोजित कार्यक्रम असे. झाडाखाली गाडी लावावी, बॉनेट वर करावे, मुलांना करवंदांवर सोडावे, बायकांनी डबे उघडावेत, आणि वाफ निवली म्हणजे ओल्या फडक्याने झाकण काढून नव्या पाण्याची भर घालावी. गेलेले पाणी कोठे गेले, हे कोणी विचारीत नसे. ते सर्वांच्या देखत, शिट्टी वाजवीत गेलेले असे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत उतू गेलेले पाणी एका उघड्या नळीवाटे थेट रस्त्यावर पडे आणि त्याबद्दल रस्त्याचीही तक्रार नसे. पुढे इंजिनिअरांनी सुधारणा केली, रस्त्यावर पडणारे ते पाणी धरून ठेवण्यासाठी शेजारी बाटली बसवली, तिच्यावर ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ अशा दोन रेघा ओढल्या, पाण्यात ग्लायकॉल मिसळून त्याला हिरवा वा गुलाबी रंग दिला, आणि जेथे पूर्वी पाणी होते तेथे मनुष्याला एक रहस्य आणून दिले.

अण्णांच्या गाडीची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी फिरायला येणाऱ्या मंडळीत पसरली. या मंडळीत निवृत्त नाही असा एकही मनुष्य नाही, आणि निवृत्त मनुष्याचा हुद्दा जातो, पण खाते जात नाही. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी प्रथम रात्री गाडी कोठे उभी असते, फाटकाला कुलूप असते काय, आणि गल्लीत कोणाशी वितुष्ट आहे काय, अशी विचारपूस केली. रात्री कोणीतरी येऊन कुलंट काढून नेत असावे, असा त्यांचा कयास होता. त्याने ते नेऊन काय करावे, एवढाच मुद्दा त्यांनी पुढील तपासावर सोपवला. एका माजी हेडमास्तरांनी दोष कुलंटच्या हल्लीच्या दर्जाला दिला. एकाने गाडीखाली प्रत्यक्ष पाणी पाहिल्याची साक्ष दिली. ते एअरकंडिशनरचे निघाले. ते स्वच्छ, बेरंगी व थंड असते आणि घामट हवेत पेलाभर ठिबकले तरी त्यात काही वावगे नाही, उलट कुलंट बोटाला बुळबुळीत लागते, हे त्यांना पटवण्यात एक सबंध फेरी खर्ची पडली. यावर चव घेऊन पाहण्याची सूचना आली. ती मात्र हाणून पाडावी लागली. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि तितकेच विषारी. कुत्री-मांजरे त्या गोडीला भुलून चाटतात आणि जिवाला मुकतात.

त्या सभेतील सर्वांत वजनदार मत अर्थातच एस.टी.च्या निवृत्त ड्रायव्हरचे होते. त्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, चंची उघडली, आणि म्हणाले, ‘‘अण्णा, मूठभर हळद टाका पाण्यात. काय बी व्हत न्हाई.’’ या उपायाची शास्त्रज्ञांनी थट्टा करू नये. फुटलेल्या रेडिएटरमध्ये हळद टाकून मुक्काम गाठलेल्या ट्रक-ड्रायव्हरांची या देशात वाण नाही. हळदीची पूड पाण्यात फुगते, भेगेपाशी वाहत जाते आणि तेथे दाटून बसते. अडचण इतकीच की हळदीला भेग कोणती आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती, हा विवेक नसतो, आणि ज्या उत्साहाने ती गळती बुजवते त्याच उत्साहाने ती वाहती वाटही बुजवते. रस्त्यात अडकलेल्याचा तो मंत्र आहे. घरी उभ्या असलेल्या गाडीचा नव्हे. अण्णांचा आक्षेप निराळाच होता. ‘‘पैसे कुठं गेले ते समजल्याशिवाय भरणा करायचा, हे कुठल्या मॅन्युअलात आहे?’’ असे त्यांनी विचारले, आणि प्रकरण रीतसर मिस्त्रीकडे वर्ग झाले.

मिस्त्री हा साताऱ्यातील एक जाणता माणूस. त्याने थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढले, आत बॅटरीचा झोत टाकला, आणि अण्णांना बोलावून दाखवले. आत पाणी दिसतच नव्हते. लिटरभर भर घातल्यावर ते गळ्याशी आले. बाटली मात्र पूर्ववत तुडुंब. गाडी घरी आली, अण्णांच्या वहीत रोज ‘शिल्लक पूर्ण’ असा शेरा पडत राहिला, आणि काही दिवसांनी पुन्हा झाकण काढले तो पुन्हा लिटरभर कमी. ‘‘आत जातंय, साहेब,’’ मिस्त्री गंभीरपणे म्हणाला. ‘‘गॅसकेट. हेड उतरवाय लागंल.’’

‘हेड गॅसकेट’ हे दोन शब्द उच्चारले जाताच गॅरेजमधील वातावरण ज्या रीतीने बदलते, ते ज्याने पाहिले नाही त्याला मोटारधर्मातील कर्मकांड समजले नाही. शेजारच्या गाडीखालून एक डोके बाहेर येते. चहाचा ग्लास अर्ध्यावर थांबतो. मालकाचा हात नकळत खिशाकडे जातो. आणि तरीही, सूक्ष्मपणे पाहिले तर, मालकाच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर एक प्रकारची प्रतिष्ठाही उमटते, कारण झाकण गेले, क्लिप सैल झाली, असल्या क्षुल्लक गोष्टी चारचौघांत सांगण्यासारख्या नसतात. ‘हेड उतरवलं’ हे मात्र पाहुण्यारावळ्यांत सांगता येते. माझे तर असे मत होऊन बसले आहे की या देशात जितकी हेड उतरतात, त्यांपैकी काही तरी केवळ मालक व मिस्त्री या दोघांच्याही इभ्रतीखातर उतरत असावीत.

अण्णांना इभ्रतीची हौस नव्हती. त्यांनी पुरावा मागितला. आता गॅसकेट फुटून पाणी आत जात असेल तर ते काही मुक्याने जात नाही. ते ऑइलमध्ये उतरले तर ऑइलच्या झाकणाखाली व डिपस्टिकवर दुधाळ, ताकासारखा फेस धरतो. ते सिलिंडरमध्ये उतरले तर सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो, इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, आणि ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते त्याचा प्लग इतरांहून लख्ख धुतलेला निघतो. उलट सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरला तर इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ऑइलचे झाकण काढले. ऑइल काळे होते, पण प्रामाणिक होते. चारही प्लग सारखेच मळलेले. मिस्त्रीने मग काचेची एक नळी आणली, तिच्यात निळे औषध होते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्या औषधातून खेचावयाची. त्या हवेत इंजिनाच्या धुराचा अंश, म्हणजे कार्बन डायऑक्साइड असला, तर निळे औषध पिवळे पडते. सगळे गॅरेज त्या नळीभोवती उभे राहिले. औषध निळेच राहिले. मिस्त्रीने ती उजेडात धरली, सावलीत धरली, थोडी हलवली. निळेच.

गॅसकेट निर्दोष सुटले म्हटल्यावर इतर संशयितांची जबानी सुरू झाली. वॉटर पंपाला, ज्याला आपले मिस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, पोटाखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, आणि आतले सील गेले म्हणजे पाणी तेथून पाझरून मालकाला आगाऊ नोटीस देते. तेथे बोट फिरवले, बोट कोरडे. हीटरच्या जाळीतून गळत असते तर पुढच्या पायपोशाखालचा गालिचा ओला असता आणि काचेवर चिकट धुके धरले असते. गालिच्याखाली केवळ एक जुने पन्नास पैशांचे नाणे सापडले, ते अण्णांनी जमा करून घेतले. होज पाइपांच्या क्लिपा कित्येकदा थंडपणी सैल पडून गळतात आणि गरम होताच फुगून गप्प बसतात. त्याही आवळून पाहिल्या. गरम लोखंडावर पडलेला थेंब क्षणात उडून जातो खरा, पण जाताना रंगीत खरपुडी मागे ठेवतो; आरसा घालून चारी बाजूंनी पाहिले, खरपुडी नाही.

शेवटी हातपंप आला. या यंत्राला मी कल्पकतेचा उत्तम नमुना समजतो. रेडिएटरचे झाकण काढून त्याच्या जागी हे यंत्र बसवावयाचे, हाताने हवा भरावयाची, आणि झाकणावर लिहिलेला दाब, म्हणजे येथे चौरस सेंटीमीटरला ०.९ किलो, थंड इंजिनातच निर्माण करावयाचा. हा दाब मुळात असतो कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. पाचगणीच्या उंचीवर, म्हणजे १,३०० मीटरच्या आसपास, उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळू लागते. इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा घाट चढणाऱ्या गाडीला वर फारशी सवलत उरत नाही. झाकणाच्या स्प्रिंगने ०.९ किलोचा दाब धरून ठेवला तर सपाटीवर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. एवढ्याचसाठी गरम इंजिनाचे झाकण उघडू नये असे वडीलधारे सांगतात. उघडताच दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उकळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

तर दाब भरला. काटा ०.९ वर उभा राहिला. चहा आला, संपला. काटा तसूभर हलला नाही. पाइप शाबूत, रेडिएटर शाबूत, पंप शाबूत, इंजिनाचे पोट शाबूत. मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, गाडी गळतच न्हाई.’’ अण्णा म्हणाले, ‘‘मग लिटरभर पाणी गेलं कुठं?’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘त्येच तर.’’ आणि दोघेही बराच वेळ त्या काट्याकडे पाहत उभे राहिले.

वस्तुस्थिती अशी होती की तपासणी अधिकारी ज्या खुर्चीवर येऊन बसला होता, ती खुर्चीच तपासणीतून सुटली होती. हातपंप झाकणाच्या जागी बसतो, म्हणून झाकणाची परीक्षा तो करू शकत नाही. आणि झाकणाच्या पलीकडून निघून बाटलीकडे जाणारी करंगळीएवढी रबरी नळी, तिच्यापर्यंत तर त्याचा हातच पोचत नाही. ही गोष्ट मिस्त्रीला माहीत नव्हती असे नाही. परंतु गॅसकेटच्या प्रतिष्ठेपुढे नळीचे नाव काढणे त्याला प्रशस्त वाटले नसावे. ते काम गॅरेजातल्या पोऱ्याने केले. त्याला ती नळी पुसायला सांगितली होती, की त्याने आपल्याच बुद्धीने काढली, याविषयी दोन कैफियती आहेत. नळी त्याने वाकवली, तेव्हा क्लिपखाली जेथे ती रेडिएटरच्या गळ्याला बसते, तेथे रबराला केसाएवढी भेग उघडली आणि नळी सरळ करताच मिटली. भेगेच्या कडेला किंचित हिरवट पांढरी राख होती. तो काही बोलला नाही. पंक्चर काढायच्या घमेल्यात त्याने नळी बुडवली, एका तोंडावर अंगठा धरला, दुसऱ्या तोंडाला हवेचा पाइप लावला, आणि भेगेतून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली.

‘‘मिस्त्री,’’ तो म्हणाला, ‘‘ही वढत न्हाई.’’

सगळा व्यवहार आता उकलला. इंजिन तापले की कुलंट फुगते, पाच लिटरमागे पाव लिटरच्या आतबाहेर, आणि दाब फार झाला की झाकणाची मोठी झडप उघडून ते जादा पाणी नळीवाटे बाटलीत जाते. इंजिन निवले की आतले पाणी आक्रसते, पोकळी होते, झाकणातली धाकटी झडप उघडते, आणि बाटलीतले पाणी त्याच नळीतून परत ओढले जाते. ही झाली कायदेशीर परतफेड. परंतु नळीला गळ्यापाशी भेग असली की पाणी परत ओढण्याऐवजी इंजिन सोयीस्करपणे हवाच ओढते, कारण हवा जवळ असते आणि हलकीही असते. त्यामुळे जाताना पाणी जाते, येताना वारा येतो. काही पाणी भेगेतून निसटून तप्त यंत्रावर वाफ होते, आणि काही बाटली भरल्यावर तिच्या डोक्यावरच्या छिद्रातून धावत्या गाडीत रस्त्याला अर्पण होते. घाटात एकदा पाणी उकळू लागले की हा ओघ दुप्पट. घरी पोचेपर्यंत सारे कोरडे, आणि बाटली तुडुंब.

याचा अर्थ, ज्या बाटलीपुढे अण्णा रोज सही करीत होते, ती केवळ खतावणी होती. रोकड दुसऱ्याच पेटीत होती आणि ती कोणी मोजली नव्हती. हे लक्षात येताच अण्णांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असे मिस्त्रीला वाटले. दिसला तो निखळ व्यावसायिक आदर. ट्रेझरीतल्या सबंध कारकिर्दीत इतकी सफाईदार अफरातफर, ज्यात वही पूर्ण, शिक्का बरोबर, आणि तिजोरी रिकामी, त्यांच्या पाहण्यात आली नव्हती. नवी नळी मिस्त्रीने लांबीवर कापून दिली; झाकणाचे रबर चपटे झाले होते म्हणून झाकणही बदलले. दोहोंचे मिळून जे बिल झाले ते चहापाण्याच्या बिलाशी स्पर्धा करण्याइतके होते, आणि ते लिहिताना मिस्त्रीचा हात संकोचला. जुनी नळी अण्णांनी मुद्देमाल म्हणून मागून घेतली, कागदात गुंडाळली, वर तारीख घातली आणि पोऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. पोऱ्याने ती मोठ्या प्रयासाने, जीभ बाहेर काढून केली.

किल्ल्याच्या पायथ्याशी या निकालाचे स्वागत थंडपणाने झाले. फौजदारांच्या मते नळीला आपोआप भेग पडत नाही. कोणीतरी ती पाडली असली पाहिजे. हेडमास्तर म्हणाले की रबराचाही दर्जा राहिलेला नाही. आपण पहिल्या दिवसापासून पाइपच म्हणत होतो, असे सांगणारे तिघे निघाले. एस.टी.च्या ड्रायव्हरांनी, हळदीने ही भेगही बुजली असती, एवढेच ठाम विधान केले आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. ज्यांनी एअरकंडिशनरचे पाणी पाहिले होते त्यांनी मात्र अण्णांना बाजूला घेऊन हळूच सांगितले की आपल्याही गाडीचा काटा कालपासून जरा वर जातो आहे, बाटली भरलेलीच आहे, आणि आपल्या जावयाचे म्हणणे असे की गॅसकेटच असणार.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. ‘‘गाडी रात्रभर उभी होती ना? मग थंड असेल,’’ ते म्हणाले. ‘‘चला. आधी झाकण काढू.’’